'जा' म्हटलेल्यांची यादी

दत्तात्रेय अनुसूयेला पहिल्यांदा दिसला तेव्हा एक नारळ त्याच्या डोक्याला वीतभर चुकवून खाली पडला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

नागावच्या वाडीत श्रावणातली भुरभुर चालली होती. मोरू नारळ पाडायला माडावर चढलेला, आणि बुंध्याशी हा उभा. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर पाणी, हातात वही. मान वर करून ओरडत होता, "मोरू, समजा तू आज वरून पडलास, तर घरची माणसं कोणते शब्द वापरतील?"

"सबूद?" वरून आवाज आला. "माजी बायको लय सबूद वापरंल! पर ते लिवण्यासारखं न्हाईत!"

दुसरा नारळ आला. हा चार बोटांनी चुकला.

"बाजूला व्हा!" अनुसूया पडवीतून ओरडली. गेल्या बारा वर्षांत ती एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. तिची तीच दचकली.

तो बाजूला झाला. चष्मा काढून उपरण्याला पुसला, पुन्हा घातला, आणि मग तिच्याकडे नीट पाहिलं. आता 'वाचवलंत हो' वगैरे काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं.

"तुम्ही 'मराल' म्हणाला नाहीत," तो म्हणाला. "'बाजूला व्हा' म्हणालात. का बरं?"

"वेळ नव्हता," अनुसूया म्हणाली.

त्यानं ते लिहून घेतलं.

दत्तात्रेय माणगावकडचा. त्याचे वडील आणि अनुसूयेचे सासरे तात्या एका शाळेत शिकलेले, म्हणून त्याला पडवीतली खोली मिळाली होती. मुंबईच्या कॉलेजात तो एम.ए. करत होता आणि त्याला प्रबंध लिहायचा होता. विषय त्यानं हौसेनं निवडलेला: अष्टागरातली, म्हणजे या अलिबागच्या किनाऱ्यावरची, माणसं अशुभ बोलणं कसं टाळतात. इथे तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा संध्याकाळी बंद होत नाही, वाढतं. या किनाऱ्यावर सगळंच इतकं वाढत असताना माणसं एवढी वाळकी कशी, हा प्रश्न दत्तात्रेयानं वहीत वेगळा लिहून ठेवला होता.

पण प्रबंधाच्या आधी प्रोफेसरांना आराखडा द्यायचा होता. कुणाला विचारणार, काय विचारणार, कसं नोंदवणार. गणपती उठले की मुंबईला नेऊन द्यायचा. चाळीस प्रश्न त्यानं तयार केले होते, आणि वहीच्या पहिल्या पानावर प्रोफेसरांचा नियम ठळक अक्षरांत उतरवला होता: घरातल्या एकाचं ऐकून घराचं लिहू नये. प्रत्येकाला विचारावं.

त्याच दिवशी दिवेलागणीला तात्यांपासून सुरुवात झाली. तात्या निवृत्त मास्तर. कुणीतरी प्रश्न विचारतंय आणि आपल्याला उत्तर येतंय, हे सुख त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळत होतं. अडकित्त्यानं सुपारी कातरत ते सोळा प्रश्नांतून बिनचूक पार झाले.

"प्रश्न सतरावा," दत्तात्रेय म्हणाला. "घरून निघणाऱ्याला काय म्हणतात?"

"निघणारा 'येतो' म्हणतो. आपण 'या' म्हणायचं. 'जा' कधी म्हणू नये."

"आणि म्हटलं तर?"

अडकित्ता थांबला. मग माजघरातून गोदूबाईंचा आवाज आला. गोदूबाई म्हणजे अनुसूयेची सासू.

"म्हटलं तर काय होतं, ते हिला विचार. हिनं म्हटलंय."

अनुसूया चुलीपुढे बसली होती. तिनं फक्त एक लाकूड आत सारलं.

बारा वर्षांपूर्वी, दहाव्या वर्षी, ती लग्न होऊन या घरात आली. (एवढ्या लहान मुलींची लग्नं लावू नयेत असा कायदा पुढे झाला, तो होईपर्यंत तिच्या लग्नाला सात-आठ वर्षं उलटली होती.) नवरा अनंता सतरा वर्षांचा. मॅट्रिकला दोनदा नापास झालेला. लग्नाला महिना झाला असेल, तो मुंबईला कामधंदा बघायला निघाला. निघता निघता त्यानं गंमत म्हणून तिचे पाचही सागरगोटे खिशात टाकले आणि उंबऱ्यावरून म्हणाला, "येतो."

"जा!" ती रडत ओरडली. "जा, जा तू!"

तो गेला. मांडव्याला बोटीत चढला, मुंबईला उतरला... उतरताना गावच्याच एकानं पाहिलं. त्यानंतर त्याला कुणीही पाहिलं नाही. पत्र नाही, निरोप नाही, प्रेत नाही. कुणी म्हणे नाशकाला गोसाव्यांत आहे, कुणी म्हणे कराचीला मोटार चालवतो. गोदूबाईंना मात्र कारण पक्कं ठाऊक होतं आणि ते त्यांच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतं.

तेव्हापासून अनुसूया सवाष्ण होती, पण जपून. कुंकू लावायची; पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही. आणि तेही आता संपत आलं होतं. शास्त्र सांगतं, बारा वर्षं वाट पाहावी. मग पळसाच्या तीनशे साठ देठांचा माणूस करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा आणि त्याला अग्नी द्यावा. भाद्रपद वद्य पंचमी ठरली होती. दहाव्या दिवशी अनुसूयेचे केस उतरवायचे. येसाजी न्हाव्याला सांगूनसुद्धा ठेवलं होतं. तो भला माणूस. चार वर्षांत असं काम पडलं नाही, हात बसलेला नाही, म्हणून त्यालाच काळजी लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोफळींखालून पडलेल्या सुपाऱ्या वेचत होती, तर समोर छत्री. छत्रीखाली दत्तात्रेय. छत्री त्यानं वहीवर धरली होती. स्वतः भिजत होता.

"वहिनी, काल माझं चुकलं."

"प्रश्न तुमचा होता. उत्तर माझं होतं," ती म्हणाली. "तुमचं काय चुकलं?"

"पण उत्तर तपासलेलं नाही."

"काय?"

"तुम्ही एकदा 'जा' म्हणालात आणि एक माणूस आला नाही. एकावरून काही सिद्ध होत नाही, वहिनी. मी आराखड्यात असं लिहिलं तर प्रोफेसर वही खिडकीबाहेर फेकतील. निदान तीस तरी हवेत."

तिनं सुपारी परडीत टाकली. "तीस माणसं मारायची म्हणता?"

"तिसांना 'जा' म्हणायचं. आणि दुसऱ्या तिसांना 'या'. कोण परत येतं, कोण येत नाही, ते मांडायचं." त्यानं चष्मा पुसला, लगेच पुन्हा भिजला. "म्हणायचं मात्र तुम्हीच. ज्या जिभेवर आरोप आहे, तीच जीभ हवी."

अनुसूया त्याच्याकडे बघत राहिली. हा वेडा आहे की दुष्ट, याचा ती अंदाज घेत होती. चष्म्यावरून थेंब नाकावर आला, नाकावरून वहीवर पडू नये म्हणून त्यानं मान कलती केली... आणि ती वेडा या बाजूला झुकली.

"आधी मांजर घेऊ," ती म्हणाली. "माणसाचं नंतर बघू."

मांजर संध्याकाळच्या आत परत आलं.

मग मोरू. तो माडावर चढायला निघाला, तेव्हा ती दाराआड पुटपुटली, "जा." मोरू चढला, उतरला, चहा मागितला. मग ताकवाली, मग कासार, मग शेजारच्यांचा बैल. एका भिक्षुकाला 'जा' म्हटलं, तर तो त्या आठवड्यात चार वेळा आला.

"ह्याला चार धरायचं का?" तिनं विचारलं.

"एकच. पण शेरा लिहा: शब्दाचा उलटा परिणाम."

नोंदी तीच लिहायची. तात्यांनी तिला घरीच शिकवलं होतं आणि तिचं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं होतं. नियम कडक होते. मनात म्हटलेलं धरायचं नाही. ओठ हलले पाहिजेत. हलले की नाही हे बघायला दत्तात्रेयाला तिच्या ओठांकडे पाहावं लागायचं. संशोधनाला लागेल त्यापेक्षा तो जरा जास्तच वेळ पाहायचा.

"हलले," ती म्हणायची. "किती बघाल?"

"खात्री करत होतो, वहि..." आणि तो थांबायचा. आठ-दहा दिवसांत 'वहिनी' पहिल्यांदा अर्धं झालं आणि मग गळूनच गेलं. त्याच्या जागी काय म्हणायचं, ते त्याला सापडत नव्हतं. भाषेचा विद्यार्थी असून तो तिला नुसतं "अं..." म्हणून हाक मारू लागला. तिला ते आवडलं. ही हाक आजवर कुणी दुसरीला मारली नसावी.

तिसांना 'या' म्हणायचं होतं, त्यांत रावजी पोस्टमन होता. रोज अलिबागेहून चालत यायचा. त्याला तिनं मोठ्यानं, हसून म्हटलं होतं, "या हं, रावजी." तोही हसला. जाताना पिशवी डोक्यावर घेतली, पावसाची.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. पाचव्या दिवशी मोरू सांगत आला, "रावजी गेला."

अनुसूया पडवीच्या पायरीवर बसली. मांडीवर वही होती. जा: तीस, परत आले तीस. या: तीस, परत आले एकोणतीस. तिला रावजीसाठी रडू आलं. आणि त्या रडण्यातच आत कुठेतरी एक जुनी गाठ सैल झाली, तशी तिला स्वतःची लाज वाटली आणि ती जास्तच रडली. त्याच्या बायकोला तीन पोरं होती. ज्या शब्दानं काही होत नाही, त्याच्या भीतीत आपण बारा वर्षं काढली. आणि ज्या शब्दावर सगळे विसंबतात, त्यानंही काही होत नाही.

दत्तात्रेय दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्यानं तिच्या मांडीवरची वही अलगद उचलली, मिटली आणि बाजूला ठेवली. काही विचारलं नाही. तो वही मिटतो, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. पागोळ्या पडत होत्या... आणि अनुसूयेच्या ध्यानात आलं, की हा माणूस उद्या इथे नसला तर तो आवाज आपल्याला सहन होणार नाही.

गणपती आले, बसले. विसर्जनाच्या दिवशी दुपारी ती विहिरीवर कळशी भरत होती. दत्तात्रेय तिथे येऊन रहाटाकडे बघत उभा राहिला, जणू रहाटालाच विचारायला आलाय.

"उद्या मी मुंबईला जातोय. आराखडा द्यायला."

"ठाऊक आहे."

"पंचमीला तो पळसाचा पुतळा जळला, की शास्त्रानं तुम्ही विधवा."

"तेही ठाऊक आहे."

"आणि कायद्यानं विधवेला लग्न करता येतं. म्हणजे मला..." त्यानं घसा साफ केला. "मला एका नारळाच्या डोक्याच्या माणसाच्या अंत्यविधीची वाट बघावी लागतेय. तो माझ्या वाटेत आहे. आजवर कुणाच्याही वाटेत एवढा निरुपद्रवी नवरा आलेला नाही."

कळशी अर्धी भरली होती. दोर तिच्या हातातून सुटायचा राहिला.

"तुमचे वडील?"

"घराबाहेर काढतील. मी तसाही मुंबईतच असतो. तिथे पुनर्विवाह लावणारे भटजी आहेत. त्यांच्याकडे गर्दी नसते." मग हळू आवाजात, "पटत नसेल तर 'नाही' म्हणा. मी ते कुठेही नोंदवणार नाही."

"दहाव्या दिवशी येसाजी येईल. माझे केस..."

"मी त्याच्या आधी येईन."

"आणि वेळेत नाही आलात तर?"

"तर येताना तुमच्यासाठी टोपी आणीन."

ती हसली. मरणाच्या तयारीत असलेल्या घराच्या विहिरीवर ती इतकं हसली, की कळशी खाली गेली आणि गळ टाकून काढावी लागली. कळशी निघाली तेव्हा अनुसूया गंभीर झाली होती.

"बायको नवऱ्याचं नाव घेत नाही ना?"

"नाही. प्रश्न तिसरा."

"पुढे घेता येणार नाही, म्हणून आत्ताच घेऊन ठेवते." तिनं आजूबाजूला पाहिलं. फक्त पोफळी होत्या. "दत्तात्रेय."

तो चष्मा पुसू लागला. त्या दिवशी पाऊस नव्हता.

तिनं कनवटीची पुरचुंडी काढली. आत पाच सागरगोटे होते, कुंपणाच्या झुडपावरून तिनंच गोळा केलेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. "हे न्या. आणि परत आणा."

"एक मागू?" तो म्हणाला. "उद्या मला 'या' म्हणू नका. 'जा'च्या यादीत एकतिसावा मला धरा. माझ्या बाबतीत भीती वाटली, तर बाकीच्या तिसांना काही अर्थ नाही."

"मुळीच म्हणणार नाही. वेडे आहात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा दारात आला. तात्या, गोदूबाई, मोरू सगळे उभे. दत्तात्रेयानं नमस्कार केले आणि उंबऱ्यावरून म्हणाला, "येतो."

सगळ्यांनी 'या' म्हटलं. अनुसूया दारामागे होती. ती पुढे आली. उंबरा तोच होता, जिथे ती दहाव्या वर्षी रडली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं... आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"जा."

गोदूबाईंनी तोंडावर पदर दाबला. दत्तात्रेयाचा चेहरा असा उजळला, की टांगेवाल्यानं मागे वळून घराकडे पाहिलं. याला एवढं काय मिळालं म्हणून.

चार दिवसांत येतो म्हणाला होता. चार दिवस गेले. पंचमी उजाडली.

मोरूनं डोक्यासाठी नारळ पाडले. तात्या एकेक उचलून बघत होते. "हा नको. अनंताचं कपाळ रुंद होतं." दुसरा. "हा फार लांबट." सातवा नारळ त्यांनी दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला, आणि भटजींना दिला. तीनशे साठ देठांचा तो माणूस अर्ध्या तासात जळून गेला. ओल्या वाऱ्यात नारळ तेवढा टिकला. मग तोही फुटला. अनुसूयेच्या बांगड्या वाढवल्या. कुंकू पुसलं, त्यालाही एक गोड शब्द होता. कुठेही शब्द कमी पडला नाही.

पंचमीपासून सहावा दिवस, सातवा, आठवा. पत्र नाही. रावजीच्या जागी नवा पोस्टमन अजून यायचा होता. तिला ठाऊक होतं, की तिसांपैकी तीस परत आले. तरी पहाटे जाग आली, की जिभेवर तो एक शब्द असायचा, कडू. शहाणपण वहीत होतं. भीती पोटात होती.

"दुसराही घालवलास," गोदूबाई नवव्या दिवशी म्हणाल्या. ओरडून नव्हे. भात वाढता वाढता.

दहाव्या दिवशी सकाळी येसाजी आला. पडवीत बसून त्यानं धोपटी सोडली, वस्तरा चामड्यावर घासू लागला. "पोरी, दुखायचं न्हाय," तो म्हणाला, आणि वस्तरा पुन्हा पहिल्यापासून घासू लागला.

अनुसूया बाहेर आली. हातात दत्तात्रेयानं मागे ठेवलेली नोंदींची वही होती.

"येसाजी, जा."

"अगं अवदसे!" गोदूबाई आतून धावत आल्या. "पुन्हा तेच तोंडात? एकाला खाल्लंस, दुसऱ्याला खाल्लंस..."

"तिसांना म्हटलं," अनुसूया म्हणाली. "तीसही आले. रावजीला 'या' म्हटलं होतं. तुम्हीही म्हटलं होतंत." तिनं वहीचं पहिलं पान काढलं. ती वाचल्यासारखं बोलत राहिली. "इथे नियम लिहिलाय. घरातल्या एकाचं ऐकून घराचं लिहू नये. बारा वर्षांपूर्वी ते निघाले त्या दिवशी मी काय म्हणाले, ते साऱ्या नागावला पाठ आहे. बाकीच्यांचं कुणी विचारलंच नाही. सासूबाई, तुम्ही काय म्हणालात?"

येसाजीचा वस्तरा थांबला.

गोदूबाई उभ्याच्या उभ्या राहिल्या. मग भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली सरकत पडवीच्या जमिनीवर बसल्या.

"सकाळी," त्या म्हणाल्या. "तू उठायच्या आधी. मास्तराच्या पोटी दोनदा नापास... मी म्हटलं, तोंड काळं कर. पुन्हा दाखवू नकोस." त्या जमिनीशी बोलत होत्या. "तू 'जा' म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं गं. वाटलं, चला. आणखी कुणीतरी म्हटलं."

तात्या दारात उभे होते. ते कधी आले, कुणाला कळलं नव्हतं.

"मी काहीच म्हणालो नाही," तात्या म्हणाले. "वर्तमानपत्र वाचत होतो. वर पाहिलं नाही."

अनुसूयेनं पेन्सिल घेतली होती. ती तशीच धरून राहिली. मग तिनं वही मिटली.

येसाजीनं धोपटी बांधली आणि निघाला. "येतो" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, विचार केला आणि न म्हणताच गेला. तो पुन्हा कधी त्या कामाला आला नाही. वही सुरू झाल्यापासून 'जा' म्हटलेल्यांत तेवढा एकच.

ऊन कलताना मांडव्याकडून टांगा आला. त्यातून आधी छत्री उतरली, मग दत्तात्रेय. गालफडं बसलेली, चष्मा मोठा झाल्यासारखा दिसत होता. दोन पावलं आला आणि माडाला धरून उभा राहिला.

अनुसूया पायरीवरून उठली नाही.

"उशीर झाला," तो म्हणाला. "परतताना मांडव्याच्या धर्मशाळेत पडलो होतो. ताप. तीन कार्डं टाकली."

"पोस्टमन नाही."

"हो. ते मला नंतर आठवलं." त्यानं खिशातून पुरचुंडी काढली, तिच्या शेजारी पायरीवर ठेवली. "चार आहेत. एक उगाळून प्यालो. तापावर चांगला म्हणतात. फार कडू."

तिनं मोजले नाहीत. मुठीत घेतले.

"नोंद काय करू?" ती म्हणाली. ओठ हलत होते, पण शब्द नीट येत नव्हते. "परत आला, की परत आणला?"

"आला," तो म्हणाला. "टांगेवाल्यानं हात दिला, तो शेऱ्यात घाला." मग तिच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहून, जरा घाबरत, "टोपी लागेल का?"

तिनं पदर थोडा मागे सारला. तो पाहत राहिला. या वेळी त्यानं कसलीही खात्री करत असल्याचं सोंग केलं नाही.

"आराखडा?" तिनं विचारलं.

"नापास. साठ फार थोडे आहेत म्हणाले. आणि मांजर माणूस नाही."

दुसऱ्या सकाळी दोघं लग्नासाठी मुंबईला निघाली. गावात हे कळायला दुपारपर्यंत वेळ होता. कळल्यावर या घराच्या पंगतीला वर्षभर कुणी बसणार नव्हतं, हे तात्यांना ठाऊक होतं. तरी ते फाटकापर्यंत आले. या खेपेस त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं. "या," ते म्हणाले. स्पष्ट, शाळेत म्हणायचे तसं.

गोदूबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. अनुसूया वाकली, पाया पडली आणि सवयीनं म्हणाली, "येते."

तिला परत या घरात घेणं कुणाच्याच हातात नव्हतं. दोघींना ते माहीत होतं. गोदूबाईंनी तिचा चेहरा हातात धरला. ज्या बाईनं त्या एका सकाळनंतर मांजरालासुद्धा 'ये' म्हटल्याशिवाय सोडलं नव्हतं, ती म्हणाली,

"जा. जा, पोरी."

दत्तात्रेयाचा हात सवयीनं खिशातल्या वहीकडे गेला. अनुसूयेनं तो धरला.

"हे नको लिहू," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरूनच टांग्यात चढली.